आंतरराष्ट्रीय निविदा नको, तर मग पहारा कोणाचा?

कोरा_लिफाफा

विकास बँकांच्या कर्जावर चालणाऱ्या प्रकल्पांत, खरेदीच्या टेबलावर माझी अठरा वर्षं गेली. एक वाद जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकला. आंतरराष्ट्रीय स्पर्धात्मक निविदा, म्हणजे आमच्या बोलण्यातली आयसीबी, काढायची की दुसरी वाट धरायची? हा वाद बहुतेक वेळा वेळेवरूनच होतो. जगभर जाहिरात, जुन्या नियमांप्रमाणे बोली भरायला किमान सहा आठवडे आणि मोठ्या बांधकामाला बारा, मग मूल्यमापन, मग बँकेची पूर्वतपासणी. प्रकल्प संचालकांच्या डोक्यावर खर्चाचं उद्दिष्ट असतं. मग जी पद्धत लवकर उरकेल ती निवडली जाते आणि कारणाच्या रकान्यात 'निकड' असं लिहिलं जातं.

मला त्या बैठकीत न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

जागतिक बँकेच्या १९४४ च्या मूळ करारातच अट आहे की कर्जाचा पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागावा, काटकसर आणि कार्यक्षमता पाहिली जावी, राजकीय दबाव मध्ये येऊ नये. आयसीबी हे या अटीचं व्यवहारातलं रूप. सगळ्या पात्र देशांतल्या कंपन्यांना एकच जाहिरात, सर्वांसमोर लिफाफे उघडायचे, अटींत बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी मूल्यांकित बोलीला काम, आणि भावावर घासाघीस नाही. यात खरी राखण प्रतिस्पर्धी करतात. हरलेला बोलीदार लिफाफे उघडतानाचं इतिवृत्त मागवतो, आकडे ताडून पाहतो, तक्रार करतो. तो परका असतो, आपल्या कचेरीतल्या कुणाला तो ओळखत नाही, त्याला कुणाची भीड नसते.

पर्याय निवडला की हा पहारेकरी घरी जातो. त्याच्या जागी कोण उभा राहणार, आणि त्याच्या कामाचा खर्च प्रकल्पात धरला आहे का? मला वाटतं, पद्धत कोणती यापेक्षा हा प्रश्न आधी यायला हवा. अनुभवी लोकांनी आपापल्या कामातलं लिहावं.


नवा_शिकाऊ

सर, धाग्याबद्दल आभार. मी अशा एका प्रकल्पात नुकताच रुजू झालो आहे. आयसीबी वगळली तर नेमके पर्याय कोणते? वरिष्ठ एनसीबी, एलआयबी अशी नावं घेतात, पण आम्हाला दिलेल्या नियमपुस्तकात ही नावं कुठेच सापडत नाहीत.


कोरा_लिफाफा

सापडणार नाहीत. १ जुलै २०१६ पासून जागतिक बँकेची नवी खरेदी चौकट लागू झाली आणि त्यात ही नावं गेली. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवायच्या. बाजारात कसं उतरायचं: खुलं की मर्यादित, आंतरराष्ट्रीय की राष्ट्रीय. आणि निवड कशी करायची: बोली मागवून, प्रस्ताव मागवून, दरपत्रक मागवून की थेट. त्याआधी पीपीएसडी नावाचं टिपण, म्हणजे प्रकल्पाची खरेदी-रणनीती, लिहावं लागतं. आमच्या पिढीच्या तोंडी जुनी नावं राहिली आहेत, म्हणून तीच वापरून सांगतो.

एनसीबी म्हणजे देशांतर्गत जाहिरात, बहुधा देशाच्या भाषेत आणि चलनात. कामं लहान किंवा विखुरलेली असली, मजुरी जास्त असली, बाहेरच्या कंपनीला रस असण्याची शक्यता नसली की ही वाट. पण बाहेरची कंपनी आलीच तर तिला अडवता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. एलआयबी म्हणजे जाहिरात न देता ठरावीक पुरवठादारांना थेट बोलावणं. जगात बनवणारेच चार असतील तर जाहिरातीला अर्थ राहत नाही. शॉपिंग म्हणजे तयार मालासाठी किमान तीन दरपत्रकं. थेट कंत्राट म्हणजे एकाच पुरवठादाराला काम. फोर्स अकाउंट म्हणजे खात्याने आपल्याच माणसांकडून आणि यंत्रांनी काम करणं. याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत खरेदी आणि गावकऱ्यांच्या समितीमार्फत खरेदी. बीओटी प्रकारातली कामं, म्हणजे खासगी कंपनीने बांधून, काही वर्षं चालवून मग परत द्यायची, वेगळ्या धाग्याचा विषय आहेत, त्यांत इथे शिरत नाही.


खडी_आणि_डांबर

मी कंत्राटदाराच्या बाजूने लिहितो, कारण अशा चर्चांत आमची बाजू येत नाही.

आयसीबीचा प्रतिस्पर्धी निर्भीड असतो हे मान्य. पण तो येतो कधी? पॅकेज मोठं असेल तेव्हा. म्हणून बारा रस्त्यांचं एकच पॅकेज बांधलं जातं, वार्षिक उलाढालीची आणि तशाच कामाच्या अनुभवाची अट त्या मापाने वर जाते, आणि आम्ही दारातच अडतो. मग तेच काम आम्ही उपकंत्राटदार म्हणून करतो. रोलर आमचा, मजूर आमचे, नफा वरच्याचा. देशी बोलीदाराला मूल्यांकनात बांधकामासाठी साडेसात टक्के आणि मालासाठी पंधरा टक्के झुकतं माप देण्याची सोय जुन्या नियमांत होती, पण ती आयसीबीतच, ठरावीक देशांना आणि अटी पाळल्या तरच. ज्याला बोलीच भरता येत नाही त्याला त्या साडेसात टक्क्यांचा काय उपयोग?

मोठ्या पॅकेजचे लॉट, म्हणजे एकाच निविदेतले छोटे भाग, पाडा. एका लॉटसाठीही बोली चालेल, सगळ्यांसाठीही चालेल, आणि एकत्र घेणाऱ्याने सूट द्यायची तर द्यावी. म्हणजे परकाही येईल आणि आम्हीही येऊ. ही पद्धत नियमांत आधीपासून आहे. ती न वापरण्याचं कारण इतकंच, की बारा करारांवर देखरेख ठेवायला कचेरीला माणसं लागतात.


तांबडी_पेन्सिल

लेखापरीक्षण माझं काम. खडी_आणि_डांबर यांच्या लॉटशी मी सहमत आहे, पण लॉट पाडणं आणि कामाचे तुकडे पाडणं यांतला फरक इथे लिहून ठेवायला हवा. लॉट एकाच जाहिरातीत असतात, मूल्यमापन एकत्र होतं, आणि सगळ्यांची मिळून जी रक्कम होते तिच्यावर पद्धत ठरते. तुकडे पाडणारा तेच काम सहा वेगवेगळ्या तारखांना काढतो, प्रत्येक तुकडा सोप्या पद्धतीला परवानगी असलेल्या रकमेच्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवतो, आणि सगळं शॉपिंगमध्ये बसवतो. मी खरेदी नोंदवहीत पहिल्यांदा हेच पाहते: मर्यादेच्या लगेच खाली आकड्यांची गर्दी आहे का.

आणि शॉपिंगबद्दल. तीन दरपत्रकं म्हणजे स्पर्धा, असं समजणं फार महागात पडतं. एका प्रकल्पात माझ्यासमोर तीन वेगळ्या दुकानांची दरपत्रकं आली. तिन्हींत 'कपाट' या शब्दाचं शुद्धलेखन एकाच ठिकाणी चुकलेलं होतं, आणि बेरजेतही एकाच ओळीत एकच चूक. तिन्ही एका हाताने लिहिलेली. कागद नियमाप्रमाणे पूर्ण होते. बँकेच्या नंतरच्या तपासणीत नमुना म्हणून काही करार उचलले जातात, हा त्यात आला नसता तर कुणाला कळलंही नसतं.


शीतसाखळी

मी लसी आणि औषधांच्या खरेदीत आहे. आमच्याकडे आयसीबी बऱ्याचदा चुकीचं हत्यार ठरते, आणि त्यात वेळेचा प्रश्न दुय्यम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जाची आधीच तपासून दिलेली मान्यता, मिळालेले उत्पादक एकेका लसीला अगदी मोजके असतात. खुली जाहिरात दिली तर पात्रता नसलेल्यांचे लिफाफे येतात, ते बाद करण्यात महिने जातात, आणि शेवटी आपण त्याच मोजक्या उत्पादकांपाशी पोचतो. त्यातून लहान देश एकटा बाजारात गेला तर त्याची मागणी इतकी थोडी, की उत्पादक उत्तरही देत नाहीत.

म्हणून एकत्र खरेदी. पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनचा फिरता निधी १९७७ मध्ये स्थापन झाला. सहभागी देशांची मागणी एकत्र करून तो लस घेतो, आणि देश लहान असो की मोठा, एका लसीला सगळ्यांना एकच भाव. युनिसेफचा कोपनहेगनचा पुरवठा विभागही मागणी एकत्र करूनच खरेदी करतो, आणि तो मुद्दाम एकाच लसीचं काम एकापेक्षा अधिक उत्पादकांत वाटतो. सर्वांत स्वस्त असलेल्यालाच सगळं दिलं तर बाकीचे कारखाने ती लस बनवणं सोडतील, आणि उरलेल्याची एक बॅच बिघडली की जगभर टंचाई. आजचा भाव आणि पाच वर्षांनंतरचा पुरवठा, दोन्ही पाहावे लागतात. आयसीबीच्या 'कमीत कमी बोली' सूत्रात दुसऱ्या गोष्टीला जागा नव्हती.


तांबडी_पेन्सिल

शीतसाखळी ताई, मुद्दा पटतो. पण कोरा_लिफाफा यांचा प्रश्न तुम्हालाही लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेशी करार झाला की त्यांच्या हिशेबाची तपासणी त्यांचेच लेखापरीक्षक करतात, एकल लेखापरीक्षणाचं तत्त्व म्हणतात त्याला. देशाच्या महालेखापालाला त्यांची दप्तरं उघडता येत नाहीत. संस्था चांगली आहे यावर माझा विश्वास आहे, पण विश्वास हा माझ्या अहवालातला रकाना नाही.


शीतसाखळी

खरं आहे. याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. त्यांची दप्तरं आम्हाला उघडता येत नाहीत, पण आपल्या दाराशी आलेला माल आम्ही मोजू शकतो. किती कुप्या मागवल्या, किती आल्या, तापमानाची नोंद काय, मुदत किती उरली. हा पहारा देशाच्या हातात असतो. दुर्दैव असं, की खरेदी संस्थेकडे सोपवली म्हणजे आपलं काम संपलं असं मानून गोदामावरचा माणूसच काढून घेतला जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजून त्याचा राग येतो. मुदत संपत आलेल्या लसींचे खोके तीन आठवडे उघडायला कुणी नव्हतं.

२०२० च्या महासाथीत जागतिक बँकेने आणखी एक वाट काढली होती. पुरवठादार शोधणं आणि अटी ठरवणं यात बँक स्वतः मदत करायची, करारावर सही मात्र कर्जदार देशाचीच, जबाबदारीही त्याचीच. श्रीमंत देश विमानतळांवरून मास्क उचलत होते तेव्हा एकट्या छोट्या देशाने निविदा काढून काय मिळवलं असतं?


मोजपट्टी

गावसमित्यांमार्फत होणाऱ्या खरेदीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तिथला पहारा म्हणजे गावकऱ्यांची नजर, असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक तपासलेलं आहे, आणि निकाल गैरसोयीचा आहे.

इंडोनेशियात १९९८ पासून केचामातन (म्हणजे तिथला उपजिल्हा) विकास कार्यक्रम चालला. जागतिक बँकेच्या कर्जातून गावांना थेट निधी, गावानेच साहित्य घ्यायचं, रस्ता बांधायचा, हिशेब सभेत मांडायचा. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी तिथल्या ६०८ गावांत प्रयोग केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कागदांवर विसंबून न राहता अभियंत्यांना रस्ते खणायला लावले. खडी किती, वाळू किती हे नमुने काढून मोजलं, साहित्याचे भाव आसपासच्या विक्रेत्यांना विचारले, मजुरी मजुरांना विचारली, आणि मग दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं.

काही गावांना आधीच सांगितलं होतं की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी त्याची शक्यता सुमारे ४ टक्के असे, ती १०० टक्के झाली. तिथे गहाळ खर्च, म्हणजे दाखवलेल्या आणि मोजलेल्या खर्चातला फरक, सुमारे ८ टक्के अंकांनी घटला. दुसऱ्या काही गावांत हिशेबाच्या सभेला जास्तीत जास्त गावकऱ्यांना निमंत्रणं दिली. तिथे सरासरी फरक फार थोडा. मजुरीतली चोरी कमी झाली, साहित्यातली जवळजवळ तशीच राहिली.

माणूस आपली मजुरी बुडाली की लगेच ओळखतो. रस्त्याच्या पोटात खडीचा थर चार बोटं कमी आहे, हे ओळखायला कुदळ लागते, आणि कुदळ मारायला कुणाचं तरी अधिकृत पाठबळ लागतं.

आणखी एक तपशील: लेखापरीक्षण ठरलेल्या गावांत समितीच्या नातेवाइकांना कामावर घेण्याचं प्रमाण वाढलं. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं.


कोरा_लिफाफा

मोजपट्टी, हा प्रतिसाद फार मोलाचा. मला जे नीट मांडता येत नव्हतं ते यात आहे. कोणता पहारेकरी कोणती चोरी पकडू शकतो, हेसुद्धा पाहावं लागतं. प्रतिस्पर्धी बोलीदार भाव पकडतो. गावकरी मजुरी पकडतो. खडीचा थर यातलं कुणीच पकडत नाही. आयसीबीनेही तो पकडला नसता, कारण निविदा उघडल्यावर प्रतिस्पर्धी निघून जातो आणि रस्ता त्यानंतर बांधला जातो.


दुरुस्ती_पथक

फोर्स अकाउंटच्या बाजूने दोन शब्द. मी रस्ते आणि पूल दुरुस्तीच्या खात्यात होतो. दरड कोसळली तेव्हा किती घनमीटर माती उचलायची हे निविदेत लिहिणार कसं? परिमाणच आधी सांगता येत नाही. कंत्राटदार अनिश्चिततेचा भाव लावतो, आणि काम वाढलं की वाद. अशा ठिकाणी, किंवा चालू यंत्रणा बंद न पाडता काम करायचं असेल तिथे, खात्याची स्वतःची गँग हाच शहाणपणाचा मार्ग. नियमांनीही नेमक्या याच परिस्थिती मान्य केल्या आहेत.

पण एक कबुली देतो. आमचं काम कागदावर नेहमी स्वस्त दिसायचं. कारण आमचे पगार वेगळ्या लेखाशीर्षातून जायचे, रोलरची झीज कुणी धरत नसे, आणि रिकाम्या बसलेल्या दिवसांचा हिशेबच नव्हता. कंत्राटदाराच्या दरात हे सगळं असतं. दोन्हींची तुलना करून 'खात्यामार्फत काम तीस टक्के स्वस्त' असं मीच एका टिपणात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, आणि त्याच्या जोरावर पुढची तीन कामं निविदेविना झाली. मला त्याची खंत आहे.


जुना_करार

इथे सगळे सभ्यपणे लिहीत आहेत, मी जरा कडक लिहितो. पर्याय म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं पुष्कळसं देणगीदाराच्या सोयीचं असतं. कर्ज देणाऱ्या देशाच्याच कंपनीकडून खरेदी करा, ही बांधलेली मदत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी, मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) मदत समितीने २००१ मध्ये सर्वांत कमी विकसित देशांना दिली जाणारी मदत अशा अटींतून मोकळी करण्याची शिफारस केली. बांधलेल्या मदतीने प्रकल्पाचा खर्च १५ ते ३० टक्के वाढतो, हा अंदाज त्यांचाच. तरीही दोन देशांमधल्या कर्जांत ही अट आजही भेटते. जपानच्या 'स्टेप' कर्जांत मुख्य कंत्राटदार जपानी असावा लागतो. व्याजदर कमी असतो हे खरं. पण स्वस्त व्याज आणि महाग यंत्र यांची बेरीज कर्जदार देशात कोण करतो? मी ज्या दोन वाटाघाटींत बसलो, तिथे तरी कुणी केली नाही.

म्हणून आयसीबीवर टीका होते तेव्हा मला धास्ती वाटते. हजार दोष असोत, पण तिथे कर्ज देणाऱ्याला आपल्या कारखानदाराचा हात धरून आणता येत नाही.


नवा_शिकाऊ

मग देशाची स्वतःची खरेदी यंत्रणाच वापरावी, हा पर्याय नाही का? आमच्या प्रशिक्षणात २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याचा उल्लेख होता.


मोजपट्टी

आहे, आणि दीर्घकाळासाठी माझी निवड तीच. मदतीचा पैसा देशाच्या यंत्रणेतून जावा, हे पॅरिसमध्ये मान्य झालं. २०१२ मध्ये जागतिक बँकेने आणलेल्या 'प्रोग्रॅम फॉर रिझल्ट्स' कर्जप्रकारात खरेदी देशाच्याच नियमांनी होते आणि पैसे ठरलेले निकाल हाती आल्यावर मिळतात. फार मोठे करार मात्र त्यातून वगळलेले असतात.

पण देशाची यंत्रणा म्हणजे कायदा आणि शिक्के एवढंच असेल तर फरक पडत नाही. युक्रेनची प्रोझोरो ही ऑनलाइन खरेदी प्रणाली पाहा. २०१६ पासून सरकारी खरेदीला बंधनकारक झाली. बोलींचा लिलाव संपला की जिंकलेल्याबरोबर हरलेल्यांच्या बोलीही सर्वांना दिसतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पहारा देशांतर्गत खरेदीतही टिकवता येतो, दप्तर उघडं ठेवलं तर.


खडी_आणि_डांबर

+१. आमच्यासारख्याला हरण्याचं दुःख कमी असतं, का हरलो हे न कळण्याचं जास्त. जागतिक बँकेच्या नव्या चौकटीत कंत्राट देण्याचा इरादा कळवल्यावर दहा कामकाजाचे दिवस थांबण्याची सोय आली, त्यात आपल्या बोलीचं काय झालं ते विचारता येतं. ही एक गोष्ट मला मनापासून आवडली.


नवा_शिकाऊ

सगळ्यांचे आभार. आता माझी अडचण. पुढच्या आठवड्यात खरेदी आराखड्याचा मसुदा द्यायचा आहे. त्यात एक थेट कंत्राट आहे: आधीच्या टप्प्यात बसवलेल्या पंपांचे सुटे भाग आणि नियंत्रण प्रणाली, त्याच उत्पादकाकडून. कारण म्हणून 'सुसंगतता' लिहिलं आहे. पुरेसं आहे का?


कोरा_लिफाफा

नाही. मी स्वतः हीच चूक केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आधीच्या यंत्राशी जुळणारे भाग ही थेट कंत्राटाला मान्य असलेली सबब आहे, पण तुम्ही दोन गोष्टी एका नावाखाली घातल्या आहेत. सुटे भाग त्याच उत्पादकाचे लागतील, ठीक. नियंत्रण प्रणाली दुसऱ्याची जोडता येते का, हे पंपाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं. पुरवठादाराच्याच माणसाने 'दुसरी चालणार नाही' असं सांगितलं आणि मी ते टिपणात उतरवलं. पुढे सात वर्षं आम्ही त्याच्या देखभाल कराराला बांधलो गेलो, दरवर्षी भाव तो सांगेल तो.

सुट्या भागांचा भाव योग्य आहे हे कशावरून? पहिला करार काढा, तेव्हाचे सुट्या भागांचे दर त्यात असतील, आणि त्यात भाववाढीचं सूत्र असेल तर तेच लावा. याच पुरवठादाराने इतर प्रकल्पांना काय दर दिले, ते मागा. मग आराखड्यात पद्धतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना तुमच्यापुरता वाढवा: भाव कोण तपासणार, माल कोण मोजणार, आणि त्यासाठी किती दिवस धरले आहेत. पदनाम लिहा, 'समिती' असं लिहू नका.


तांबडी_पेन्सिल

आणि तो रकाना मसुद्यातून काढू नका. मला तपासणीला सुरुवात तिथून करता येईल.


नवा_शिकाऊ

अभियंत्यांना आज विचारलं. नियंत्रण प्रणाली दुसऱ्या उत्पादकांचीही चालते, फक्त जोडणीचा तपशील निविदेत द्यावा लागेल. ते पॅकेज वेगळं काढून खुल्या बोलीत टाकलं आहे. सुटे भाग थेट ठेवलेत, जुन्या करारातले दर शोधतो आहे. माल मोजण्याच्या रकान्यात अजून कुणाचं पदनाम नाही, कारण भांडारपालाची जागा दीड वर्ष रिकामी आहे. ती भरण्याचा प्रस्ताव आराखड्यासोबतच पाठवतो.